विश्रांतीने न जाणारा थकवा

रात्रीच्या वेळी जबलपूरच्या फलाटावर गाडी थांबली, की पूर्वी एक आवाज हमखास ऐकू येई. प्रवासी चहासाठी खाली उतरलेले असत, हमालांची धावपळ चाललेली असे, आणि त्या साऱ्या कोलाहलातून ठण्, ठण्, ठण् असा एक शांत, मोजका नाद गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाई. हातात कंदील आणि लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक मनुष्य प्रत्येक चाकावर एकेक टोला देत चाललेला असे. नेपियर टाउनमध्ये आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ रेल्वेत हेच काम करीत. लहानपणी मी त्यांना विचारले होते, "काका, चाकाला मारून काय कळते हो तुम्हांला?" त्यावर ते म्हणाले, "बाळ, तुझी आई बाजारात मडके घेताना काय करते?"

आई मडके बोटांनी वाजवून घेत असे. खणखणीत वाजले तर ठेवायचे, बद्द वाजले तर परत करायचे. मडक्याला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळतो. चाकाचेही तसेच. त्या काळच्या चाकांवर पोलादी धाव गरम करून बसविलेली असे. ती सैल झाली किंवा चाकाला तडा गेला, तर नाद बदलत असे. काकांच्या उत्तराने माझे समाधान झाले. परंतु पुष्कळ वर्षांनी, या विषयाचा अभ्यास करू लागल्यावर, मला कळले की त्या हातोड्याला एक गोष्ट मात्र सहसा ऐकू येत नसे. आणि रेल्वेच्या इतिहासातील काही फार मोठे अपघात नेमके त्या न ऐकू येणाऱ्या गोष्टीने घडविलेले आहेत. ती गोष्ट म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, रेल्वेतील लोकांच्या भाषेत एक्सलच्या, पोटात वाढत जाणारी बारीक चीर.

ही चीर कशी उत्पन्न होते? आस काही एकाएकी जास्त भार पडला म्हणून चिरत नाही. जो भार तो पहिल्या दिवशी लीलया पेलतो, त्याच भाराने तो काही वर्षांनंतर मोडतो. भार तोच, आस तोच. मग मध्यंतरी झाले काय? एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी या प्रकाराला धातूचा थकवा असे नाव दिले. नाव मोठे बोलके आहे, पण थोडे फसवेही आहे. दमलेला मनुष्य रात्रभर झोपला, की सकाळी ताजातवाना होतो. धातूला ही सोय नाही. यार्डात वर्षभर उभ्या राहिलेल्या डब्याचा आस वर्षापूर्वी होता तेवढाच थकलेला असतो, अणुमात्र कमी नाही. त्याचा शीण साठत जातो, आणि तो उतरत नाही.

आपणांपैकी प्रत्येकाने लोखंडी तार हातांनी तोडली असेल. ओढून ती तुटत नाही. पण एकदा इकडे, एकदा तिकडे अशी दहावीस वेळा वाकवली, की तुटते. धातूच्या थकव्याचे हे सर्वांत सोपे प्रात्यक्षिक होय. मात्र त्यात एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तार वाकवताना आपण तिला कायमचा बाक आणीत असतो, म्हणून ती दहावीस फेऱ्यांत हार खाते. आसाला असा बाक कधीच येत नाही. तो केसभर लवतो आणि पुन्हा सरळ होतो. कितीही बारकाईने मोजले तरी जसाच्या तसा. असे असूनही काही लाख किंवा काही कोटी वेळा लवल्यानंतर तो तुटू शकतो.

आस लवतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. डब्याचे वजन आसाच्या दोन टोकांवर, चाकांच्या बाहेरच्या बाजूस, खाली दाबीत असते, आणि रूळ चाकांना वर रेटीत असतात. त्यामुळे दोन चाकांमधला आसाचा भाग धनुष्यासारखा किंचित वर फुगतो. त्याची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. पण आस फिरता आहे! अर्ध्या फेऱ्यात वरची बाजू खाली जाते आणि जी ताणलेली होती ती दाबली जाते. उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात पुन्हा उलट. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक आसाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक कण एकदा ओढला जातो आणि एकदा चेपला जातो. आपल्या प्रवासी डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलीमीटर असतो. हिशेब केला तर एका किलोमीटरला सुमारे ३४८ फेरे होतात. मुंबईपासून जबलपूर जवळजवळ हजार किलोमीटर. म्हणजे मुंबईला रात्री गाडीत बसून आपण निजून उठतो आणि जबलपूरला उतरतो, तेवढ्या अवधीत आपल्या अंथरुणाखालच्या आसाने सुमारे साडेतीन लाख वेळा हा ओढचेप सोसलेला असतो. पंधरा वेळा जाऊन येऊन झाले, की आकडा कोटीवर गेला.

या प्रश्नाकडे युरोपचे लक्ष वेधले ते एका भयंकर घटनेने. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे त्यावर चढले, आग लागली, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद असल्यामुळे पन्नासांहून अधिक माणसे आत जळून मेली. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून सुखरूप परत आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हील हा पत्नी व मुलासह त्याच गाडीत होता. तोही वाचला नाही.

मोडलेल्या आसांचे तुकडे पाहून पुष्कळ जाणकारांनी असा तर्क केला, की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची तंतुमय घडण नाहीशी होऊन ते आतून स्फटिकमय, म्हणून ठिसूळ, होत असावे. मोडलेला भाग खरोखर दाणेदार, चकाकणारा दिसे. हा तर्क चुकीचा होता, कारण लोखंड पहिल्यापासूनच स्फटिकांचे बनलेले असते. पण तो इतका सोयीचा होता, की आजही एखादा जुना कारागीर तुटलेला तुकडा हातात घेऊन "लोखंड कडक पडले" असे सांगताना आढळतो. बाविशीतल्या रँकिन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने मात्र १८४३ साली वेगळेच सांगितले. त्याने दाखविले, की आस वाटेल तिथे मोडत नाहीत. जिथे त्यांची जाडी एकदम बदलते, जिथे काटकोनी खाच असते, तिथेच चीर सुरू होते आणि हळूहळू आत शिरत जाते. तेव्हा ती खाच गोलाईदार करा, एवढाच त्याचा उपाय. कितीतरी माणसांचे प्राण या एका गोलाईने वाचविले आहेत.

पुढचे काम प्रशियाच्या रेल्वेतील आउगुस्ट व्होलर या अधिकाऱ्याने केले. त्याने यंत्र बांधले, त्यात आस बसवले, त्यांवर ठरावीक भार लटकवला आणि ते मोडेपर्यंत फिरवीत ठेवले. मग भार थोडा कमी करून दुसरा आस, आणखी कमी करून तिसरा. काही तुकडे काही हजार फेऱ्यांत मोडले, काही लाखांत, काही कोटी फेरे झाले तरी मोडले नाहीत. कित्येक वर्षे हे चालले होते. या चिकाटीतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. धातूचे आयुष्य मुख्यतः कमाल भाराने नव्हे, तर ताणाच्या चढउताराच्या पल्ल्याने ठरते, ही पहिली. दुसरी अधिक आशादायक होती: लोखंड आणि पोलाद यांच्या बाबतीत ताणाची एक खालची मर्यादा आहे, जिच्याखाली राहिले तर कितीही फेरे झाले तरी ते मोडत नाही.

व्होलरचा शेवटचा मोठा अहवाल १८७० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात इकडे जबलपूरला मुंबईहून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादेकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ जोडले गेले, आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग लोहमार्ग प्रथमच सुरू झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही, हे खरे. पण मला या योगायोगाची मौज वाटते. कोटी कोटी फेरे घेणारे आस ज्या देशात आता धावू लागणार होते, त्यांच्या आयुष्याचे गणित त्याच वर्षी जर्मनीत छापले जात होते. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही जबलपूरलाच आहे.

चीर निर्माण कशी होते, हे मात्र १९०३ साली कळले. इंग्लंडमध्ये युइंग आणि हंफ्री या दोघांनी लोखंडाचा तुकडा आरशासारखा चकचकीत करून त्यावर उलटसुलट ताण दिला आणि मधूनमधून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काही स्फटिकांवर बारीक रेघा उमटलेल्या दिसल्या. स्फटिकातले थर पत्त्यांच्या जुडीप्रमाणे एकमेकांवरून किंचित सरकले होते. फेरे वाढले तशा रेघा दाट झाल्या, आणि त्यांतल्याच एखादीची पुढे चीर झाली. संपूर्ण तुकड्यावरचा ताण सौम्य असला, तरी एखाद्या दुर्दैवी कणाच्या वाट्याला तो जास्त येतो, आणि तिथून आरंभ होतो. चीर एकदा उघडली, की तिचे टोक हीच सर्वांत तीक्ष्ण खाच बनते. प्रत्येक ओढीबरोबर ती अतिसूक्ष्म अंतराने पुढे सरकते. मोडलेल्या तुकड्यावर तिचा प्रवास वाचता येतो: ओहोटीच्या वेळी वाळूवर लाटांच्या ओळी राहाव्यात तशा, एका बिंदूभोवती पसरत गेलेल्या कमानदार रेषा. त्यांच्या पलीकडे एक खडबडीत भाग असतो. तो शेवटचा, उरलेल्या जाडीला भार न पेलवल्यामुळे एका क्षणात तुटलेला. पूर्वीच्या लोकांना जो दाणेदार स्फटिकमय भाग दिसे तो हाच.

भेडाघाटला नर्मदेने संगमरवर कापून काढला आहे. तो पाहताना थेंबे थेंबे तळे साचे याच्या उलट, थेंबाथेंबाने डोंगर कसा झिजतो, याचा विचार मनात येतो, आणि धातूचा थकवा म्हणजे असेच काही असावे असे वाटू लागते. परंतु ते तसे नाही. नर्मदेने जे नेले ते डोळ्यांना दिसते; दगड झिजला, कमी झाला. थकलेल्या आसातून काहीच कमी होत नाही. त्याचे वजन तेवढेच, आकार तोच, रंग तोच. भय आहे ते याचेच.

विमानविद्येला हा धडा फार महाग पडला. जगातील पहिले जेट प्रवासी विमान जे कॉमेट, त्यातील एक २ मे १९५३ रोजी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडाल्यावर थोड्याच मिनिटांत कोसळले आणि ४३ जण दगावले. उन्हाळ्यातल्या तुफानी वादळात ते सापडले होते. दोष वादळाकडे गेला. पण पुढे १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ दोन कॉमेट विमाने आकाशातच फुटली. तेव्हा फार्नबरो येथील संशोधकांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बसवले आणि उड्डाणात वर जाताना व खाली येताना आतल्या हवेचा दाब जसा वाढतो व उतरतो, तसा पाण्याने वाढवीत आणि उतरवीत राहिले. खरी १२२१ उड्डाणे त्याने आधी केलेली होती; टाकीतली १८३६ झाली तेव्हा एका खिडकीच्या कोपऱ्याशी त्याची कूस फाटली. रँकिनने शंभर वर्षांपूर्वी ज्या कोपऱ्यांविषयी सावध केले होते, त्यांचाच हा भाऊबंद.

समुद्रावर तर शत्रू दुप्पट होतो. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांना राहण्यासाठी वापरला जाणारा 'अलेक्झांडर कीलंड' हा तरंगता मंच एक पाय निखळून उलटला. मंचावर २१२ माणसे होती, १२३ बुडाली. चौकशीत मूळ कारण काय निघाले? पायाला आधार देणाऱ्या एका जाड नळकांड्याला पाण्यातला ध्वनी टिपणारे एक लहानसे उपकरण बसवायचे होते, म्हणून तिथे एक आधार झाळून जोडला होता. तो मंचाचा भार पेलण्यासाठी नव्हताच, म्हणून त्याच्या झाळकामाकडे कोणी फारसे पाहिले नाही. त्या झाळीतून निघालेली चीर लाटांनी नळकांड्याभोवती वाढवत नेली. चिरेच्या आत रंगाचा अंश सापडला. म्हणजे मंच बांधून रंगवला गेला, त्याच दिवशी ती चीर तिथे होती.

आता पवनचक्क्यांकडे वळतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या आपणांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. समुद्रात त्या उभारण्याचा पहिला उद्योग डेन्मार्कने विंडेबी येथे १९९१ साली केला. अकरा चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटची. २०१७ साली त्या काढून टाकल्या. आजच्या सागरी चक्क्यांच्या पात्यांचे वर्तुळ दोनशे मीटरांहून मोठे असते. आपल्याकडे २०१५ साली केंद्र सरकारने सागरी पवनऊर्जेचे धोरण जाहीर केले आणि २०२४ साली गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांवर मिळून एक हजार मेगावॅटसाठी आर्थिक साह्य मंजूर केले. तेव्हा हा प्रश्न आता आपलाही आहे.

अशी चक्की मिनिटाला आठ फेरे घेते असे धरले, तरी वर्षाला बेचाळीस लाख फेरे होतात, आणि पंचवीस वर्षांत दहा कोटींहून अधिक. प्रत्येक फेऱ्यात पाते स्वतःच्याच वजनाने एकदा एका बाजूस आणि एकदा दुसऱ्या बाजूस लवते; आगगाडीच्या आसासारखेच. खाली समुद्रतळात रोवलेल्या पोलादी खांबावर दर आठ सेकंदांना एक लाट आदळली, तर तिचाही हिशेब तेवढाच भरतो. शिवाय व्होलरने दिलेली जी आशा, की ताण एका मर्यादेखाली ठेवा आणि निश्चिंत राहा, ती खाऱ्या पाण्यात पुसली जाते. गंज धातूच्या पृष्ठभागावर नवनव्या खाचा पाडीत राहतो आणि चिरेच्या टोकाशी जाऊन तिला पुढे ढकलतो. ज्या ताणात कोरड्या हवेतले पोलाद कधीच मोडले नसते, तोच ताण समुद्रात त्याचा अंत करू शकतो.

मग आयुष्य मोजायचे कसे? व्होलरच्या यंत्रात भार एकच होता. वारा आणि लाटा यांचा भार क्षणाक्षणाला बदलतो. यासाठी पामग्रेन याने १९२४ साली आणि माइनर याने १९४५ साली सुचविलेला एक साधा हिशेब वापरतात. समजा, एखाद्या ताणाने वस्तू दहा लाख फेऱ्यांत मोडते. तर त्या ताणाच्या एका फेऱ्याने तिच्या आयुष्याचा दहा लाखावा हिस्सा खर्च झाला. मोठ्या ताणाचा खर्च जास्त, लहानाचा कमी; सर्वांची बेरीज एक झाली, की शिल्लक संपली. हे गणित वाण्याच्या वहीइतके सरळ आहे, आणि म्हणूनच अपुरे आहे. आधी मोठा धक्का व मग लहान, की आधी लहान व मग मोठा, याने फरक पडतो. वहीला तो कळत नाही. म्हणून अभियंते बेरीज एकवर येण्याची वाट पाहत नाहीत. जिथे तपासणी करणे अवघड, तिथे तर फारच आधी थांबतात. भर समुद्रात, पाण्याखालच्या झाळीपाशी कोण रोज जाणार?

यात एक विलक्षण गोष्ट आहे. वारा पडला किंवा दुरुस्तीसाठी चक्की थांबवली, तर तिला विश्रांती मिळेल असे आपल्याला वाटते. घडते उलट. पाती फिरत असताना वारा त्यांच्या हालचालीला विरोध करतो, त्यामुळे खांबाचे डोलणे लवकर शमते. पाती थांबली, की तो आवर जातो. लाटांनी एकदा डोलवलेला खांब बराच वेळ डोलत राहतो आणि त्याच्या बुडाशी अधिक ताण सोसतो. बंद पडलेली चक्की चालत्या चक्कीपेक्षा अधिक थकू शकते.

जबलपुरात आयुष्य फेऱ्यांनी मोजण्याची रीत जुनी आहे. १९०४ साली स्थापन झालेल्या इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत तोफा व त्यांचे गाडे घडतात. 'धनुष' ही तोफ तिथलीच. तोफेच्या नळीचे वय वर्षांत नव्हे, तर तिने डागलेल्या गोळ्यांत मोजतात, आणि त्याची नोंद ठेवतात. याच कारखान्यात १९५९ पासून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. ट्रकच्या कमानी पाट्यांना खड्ड्याखड्ड्याला लवावे लागते. अशा पाट्यांवर बारीक लोखंडी छऱ्यांचा वेगाने मारा करतात. त्याने पृष्ठभाग आतून चेपलेल्या स्थितीत राहतो, आणि चेपलेल्या जागी चीर सहजासहजी उघडत नाही. थकवा उतरवता येत नाही, पण त्याचा आरंभ असा लांबणीवर टाकता येतो.

जिथे आरंभ झालाच असेल, तिथे तो वेळीच शोधणे एवढेच हाती उरते. शल्यवैद्य पोटात ज्या बारीक दुर्बिणीने पाहतात, तिच्याच जातीची दुर्बीण विमानाच्या इंजिनात घालून आतली पाती न उकलता तपासतात. पण भरीव आसात दुर्बीण शिरत नाही. तिथे काकांच्या हातोड्याचा वंशज कामाला येतो. आसाच्या टोकाशी थोडे तेल लावून एक लहान शोधक टेकवतात. त्यातून निघणारा ध्वनी सेकंदाला वीस लाखांहून अधिक कंपनांचा असतो. आपल्या कानांची धाव वीस हजारांपलीकडे नाही. तो ध्वनी दोन मीटरांहून लांब असलेल्या आसातून पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो, आणि त्याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. पडद्यावर टोकाचा प्रतिध्वनी एका उंच रेघेने दिसतो. मध्येच, जिथे काही नसावे तिथे, दुसरी लहानशी रेघ उमटली, तर तपासणारा शोधक थोडा फिरवून पुन्हा टेकवतो, पुन्हा पाहतो. रेघ तिथेच असेल, तर तो आस बाजूला काढून त्यावर खूण करतो, आणि पुढच्या आसाकडे वळतो.